आडवा आला कोण?

दर वर्षी जानेवारीत महाविद्यालयांतून रस्ता सुरक्षेचे अभियान साजरे होते. पथनाट्य होते, शपथ होते, घोषवाक्यांची आणि निबंधांची स्पर्धा होते आणि मराठीचे अध्यापक म्हणून परीक्षकाचे काम ओघानेच आमच्या गळ्यात पडते. गेली कित्येक वर्षे आम्ही ते निमूटपणे करीत आलो. वेग आणि आवेग यांचे यमक जुळले, घरी वाट पाहणाऱ्या आईचा उल्लेख आला आणि शुद्धलेखनाच्या चुका फार नसल्या, की पहिला क्रमांक द्यायचा आणि चहा घेऊन घरी जायचे. या कामात काही गैर आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते. आता वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या जानेवारीत ही घोषवाक्ये तपासण्याचे काम चालू असतानाच आमच्या ग्रंथालयातल्या मामांना मोटारीने उडवले. (पुण्याच्या महाविद्यालयांतून शिपाईवर्गाला मामा म्हणण्याची रीत आहे, त्या नात्यात जेवढा जिव्हाळा असतो तेवढीच सोयही असते, हे आम्ही नाकारत नाही.) मामा पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून पंचवीस वर्षे सायकलने येत-जात होते. त्या संध्याकाळी ते सायकलवरही नव्हते. ती हातात धरून, चालत रस्ता ओलांडत होते. खुब्याचे हाड मोडले. चौथ्या दिवशी आम्ही रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा मोटारचालकाचा जबाब झाल्याचे कळले. त्यात एक वाक्य होते: ‘सायकलवाला अचानक आडवा आला.’ आमच्यापैकी एकाने ते मामांना सांगितले. मामा काही वेळ छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, मी कशाला आडवा येऊ? मी सरळ घरी चाललो होतो.”

भाषेचे अध्यापन करण्यात आमची हयात गेली, पण या दोन वाक्यांतले अंतर आम्हांला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दाखवले नव्हते. आडवे आणि उभे, सरळ आणि वाकडे हे शब्द सापेक्ष आहेत; पाहणारा कुठे उभा आहे यावर त्यांचा अर्थ ठरतो. मोटारीच्या काचेतून पाहिले तर मामा आडवे आले. मामांच्या जागी उभे राहून पाहिले तर मोटार आडवी आली. यांतले पहिले वाक्य जबाबात गेले, आणि ते लिहून घेणाऱ्याला, वाचणाऱ्याला, खरे सांगायचे तर क्षणभर आम्हांलाही, ते केवळ घटनेचे वर्णन वाटले. दुसरे वाक्य मात्र एका जायबंदी माणसाची तक्रार ठरले. आमचे म्हणणे असे, की आपल्या शहरांतली वाहतुकीची सारी व्यवस्था या पहिल्या वाक्याच्या व्याकरणावर उभी आहे. मोटारीची दिशा ती सरळ दिशा, आणि तिला छेदून जाणारा प्रत्येक जण आडवा. एकदा हे गृहीत धरले, की सुरक्षेच्या नावाने जी बंधने येतात ती धोका निर्माण करणाऱ्यावर न येता धोक्यात असणाऱ्यावर येतात.

वृत्तपत्रांची भाषा पाहावी. ‘भरधाव मोटारीच्या धडकेत पादचारी ठार’ ही मराठी बातमीची ठरीव चाल आहे. तिच्यात चालक नाही. भरधाव जाणारी मोटारच आहे. पुष्कळदा तर मोटारही नसते, नियंत्रण ‘सुटलेले’ असते. चालणाऱ्याचा उल्लेख मात्र ‘रस्ता ओलांडत असताना’ या उपवाक्यासह येतो. मारणाऱ्याची कृती नामात दडते आणि मरणाऱ्याची कृती क्रियापदात उघडी पडते. वाचणाऱ्याच्या मनात नकळत प्रश्न उमटतो तो ‘का धडकला?’ हा नव्हे, ‘का ओलांडत होता?’ हा. साहित्याच्या वर्तुळात ज्या पोलिसी मराठीची आपण टिंगल करतो, ती या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून’ हे फिर्यादीतले वाक्य कानाला कितीही ओबडधोबड वाटले, तरी त्यात ताबा कोणाचा हे सांगितलेले असते. त्या वाक्याला कर्ता आहे.

शब्दांचेही असेच झाले आहे. वाहतूक हा शब्द वाहणे या क्रियापदाच्या कुळातला. डोक्यावरून ओझे नेणारा हमालही वाहतूकच करतो. रहदारी तर त्याहून ऐसपैस. माणसे, गुरे, गाड्या, सगळ्यांची ये-जा तिच्यात मावते. आज मात्र ‘वाहतूक सुरळीत झाली’ याचा अर्थ मोटारी पुन्हा धावू लागल्या, एवढाच उरला आहे. दोन तास फुटपाथ बंद राहिला आणि शेकडो माणसांना रस्त्यावर उतरून चालावे लागले, तर त्याला वाहतूक कोंडी म्हणत नाहीत. चालणारा वाहतुकीत मोडतच नाही. तो वाहतुकीतला अडथळा असतो. विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे गेले आणि १८५७च्या धामधुमीतून परत आले, ते मुख्यतः पायी. त्यांच्या ‘माझा प्रवास’पासून मराठी गद्यातला प्रवासी बहुतांशी चालणारा होता. वाटसरू, पांथस्थ, वाटकरी, यात्रेकरू असे त्याला किती शब्द होते! त्या सगळ्यांच्या जागी ‘पादचारी’ हा एकच शब्द आला, आणि तोही मुख्यतः बातमीत, फलकावर आणि पंचनाम्यात भेटतो.

कोणी म्हणेल, ही शब्दांची कुरकुर झाली. रस्त्याचा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे. तर अभियांत्रिकीकडे वळू. पुण्यात एखाद्या रस्त्यावर माणसे वर्षानुवर्षे एका जागी ओलांडत असतात. तिथे शाळा असते, मंडई असते, बसथांबा असतो. एके दिवशी दुभाजक उंच होतो, त्यावर लोखंडी जाळी येते आणि शेजारी फलक लागतो की पादचाऱ्यांनी आपल्या सुरक्षिततेसाठी पुढच्या चौकातून ओलांडावे. मोटारीला दोनशे मीटरचा वळसा म्हणजे काही सेकंद. हातात भाजीची पिशवी असलेल्या बाईला जाऊन-येऊन चारशे मीटर. जिथे वळसा परवडत नाही तिथे भुयारी मार्ग किंवा पूल. मुंबईत २००८मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि त्यापाठोपाठ महानगर प्रदेशात ठिकठिकाणी झाले. गुडघे दुखणाऱ्या माणसाने दोन मजले चढून दोन मजले उतरायचे, आणि त्याला सुविधा म्हणायचे. इंजिन असलेल्याने सपाटीवरून जावे आणि पाय असलेल्याने डोंगर चढावा, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

सायकलस्वाराची तऱ्हा वेगळी नाही. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी झाले ते मोटारींची कोंडी फोडण्यासाठी. एकेरी रस्त्यावर मोटारींचा वेग वाढतो आणि सायकलवाल्याचे अंतर वाढते. एक किलोमीटरचा वळसा इंजिनाला कळत नाही, पोटरीला कळतो. मग तो कडेकडेने उलट्या बाजूने येतो आणि बेशिस्त ठरतो. सायकलसाठी उलट दिशेची एक संरक्षित पट्टी ठेवणे हा जगातल्या अनेक शहरांनी स्वीकारलेला साधा उपाय आहे. आपल्याकडे तो सुचत नाही, कारण एकेरी वाहतुकीचा निर्णय घेताना सायकल डोळ्यांसमोर नसते.

नाही म्हणायला कागदावर आपण कोणाला हार जाणारे नाही. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्रच असे, की प्राधान्य वाहनांच्या नव्हे, माणसांच्या ये-जा करण्याला द्यावे. त्याच वर्षी पुण्यात बीआरटीचा पहिला मार्ग सुरू झाला आणि त्यालगत सायकल मार्ग आखले गेले. पुढे त्यांवर काय दिसले ते पुणेकरांना सांगायला नको: उभ्या मोटारी, विजेच्या पेट्या, उखडलेले ब्लॉक आणि मधोमध झाड. २०१६मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले, २०१७मध्ये सायकल आराखडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको. आपल्या पेठेतला किंवा उपनगरातला कोणताही पदपथ टेप घेऊन मोजून पाहावा. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, बसायला बाक आले, तेव्हा तिथे चालणारी म्हातारी माणसे आणि खेळणारी मुले दिसू लागली. म्हणजे जमत नाही असे नाही. पण एक रस्ता दाखवण्यासाठी आणि बाकीचे वापरण्यासाठी, असा आपला रिवाज दिसतो.

याची किंमत आकड्यांत मोजता येते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वदच्या आसपास. ही माणसे कोणाच्या अंगावर चालून गेली नव्हती. त्यांच्या वजनाने आणि वेगाने कोणी मरत नाही. चालणाऱ्याचा वेग तासाला पाच किलोमीटर. मोटारीचे वजन टनभर किंवा अधिक. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतले गणित आहे. ताशी ३०च्या जागी ५०ने जाणारी मोटार जवळजवळ पावणेतीन पट जोराने आदळते. तेव्हा सुरक्षेसाठी बंधन घालायचे असेल, तर ते कुठे घालायचे हे पदार्थविज्ञानानेच सांगून ठेवले आहे.

कायदाही आड येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ११२ राज्याला वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार देते. कलम ११५ सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या भागात मोटारींना मज्जाव करण्याचा. वाहतूक पोलिसांच्या ज्या अधिसूचना निघतात त्यांत या कलमांचे आकडे असतात. २०१९च्या दुरुस्तीने मात्र कलम १३८मध्ये एक पोटकलम घातले: रस्ता सुरक्षेसाठी पादचारी आणि विनामोटार वाहने यांचे नियमन करण्याचे नियम राज्ये करू शकतील. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगितले. याच प्रकरणात मे २०२५मध्ये न्यायालयाने पदपथाचा वापर हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचेही म्हटले होते, हे आम्हांला आशादायक वाटते. पण ‘नियमन’ या शब्दाची आम्हांला धास्ती आहे. त्याचा अर्थ पादचाऱ्याचे संरक्षण असा होऊ शकतो आणि पादचाऱ्याचा बंदोबस्त असाही. नियम लिहिणारा मामांच्या जागी उभा आहे की काचेमागे बसला आहे, यावर ते ठरेल.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप ठरलेला: लोकच शिस्त पाळत नाहीत, कानाला फोन लावून रस्त्यात शिरतात. शिरतात, आणि शिरू नये. पण शिस्तीच्या भंगाची शिक्षा दोघांना सारखी आहे का? पादचाऱ्याने सिग्नल मोडला तर त्याचा जीव जातो. मोटारीने मोडला तरीही बहुधा पादचाऱ्याचाच जातो. शिवाय शिस्त पाळायची तर ती पाळता आली पाहिजे. सिग्नलची वेळ ठरवताना साधारणतः सेकंदाला १.२ मीटर चाल गृहीत धरतात. त्या हिशेबाने चोवीस मीटर रुंद रस्त्याला वीस सेकंद लागतात. सत्तरीतल्या माणसाची चाल ०.८ मीटर असेल तर त्याला तीस लागतील. उरलेल्या दहा सेकंदांत तो बेशिस्त ठरतो.

दुसरा आक्षेप फेरीवाल्यांचा: पदपथ त्यांनी अडवले आहेत. काही ठिकाणी हे खरे आहे, आणि २०१४च्या फेरीवाला कायद्याने त्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी पालिकांवर आहे. पण आमच्या महाविद्यालयापासून बसथांब्यापर्यंतच्या पदपथावर आम्ही मुद्दाम मोजले. भाजीवाली एक होती. उभ्या दुचाक्या एकोणीस होत्या. हटवायला गाडी येते ती भाजीवालीसाठी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बससेवा अपुरी, अंतरे वाढलेली. लोकांनी दुचाकी घेऊ नये तर करावे काय? हे आम्हांला मान्य आहे. आमच्यापैकी तिघांकडे दुचाकी आहे आणि एकाकडे मोटार. आम्ही वाहन वाईट म्हणत नाही. मोटारीतून उतरलेला प्रत्येक जण पहिल्या पावलाला पादचारीच होतो. आमचे म्हणणे इतकेच, की वाहन ही गरज असली तरी वेग ही गरज नव्हे, आणि माणसांच्या वस्तीतून, शाळेसमोरून, बाजारातून ताशी तीसच्या वर जाण्याची गरज तर कोणाचीच नसते.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: मोटारी अडवल्या तर शहर बंद पडेल. याचे उत्तर पुणे दर वर्षी देते. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. लाखो माणसे पायी चालत शहरातून जातात. रस्ते मोटारींना बंद होतात, अधिसूचना निघतात, लोक थोडे फिरून जातात आणि शहर बंद पडत नाही. उलट त्या दिवसांत ज्यांनी कधी शेजाऱ्याला पाणी विचारले नाही ते रस्त्यावर उभे राहून पाणी वाटतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद करून पादचारी दिन साजरा केला, तेव्हाही आकाश कोसळले नाही. म्हणजे चालणाऱ्यांना रस्ता देणे आपल्याला ठाऊक आहे. पण तो आपण सणासारखा देतो. रोजचा हक्क म्हणून देत नाही. वारकऱ्याला वाट करून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकात धुणीभांडी करून परतणाऱ्या बाईला हॉर्न मारून बाजूला करायचे, यात भक्ती किती आणि सवय किती, याचा विचार व्हावा.

या हक्कासाठी मराठीत एक जुना, कसदार शब्द आहे: वहिवाट. गावाकडे शेतात जाण्याची पायवाट कोणी अडवली तर माणूस तहसीलदाराकडे जातो. १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तो अडथळा दूर करून मागता येतो. तिथे कोणी त्याला असे म्हणत नाही, की तुझ्या सुरक्षिततेसाठी तू दुसऱ्याच्या बांधावरून पूल बांधून जा. वर्षानुवर्षे चालत आलेली वाट ही चालणाऱ्याची असते, ही जाण आपल्या कायद्यात आणि भाषेत शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. शहरात आल्यावर ती कुठे गेली? शाळेसमोर पिढ्यान्‌पिढ्या मुले जिथून ओलांडत आली ती वहिवाट एका रात्रीत लोखंडी जाळीने बंद होते, आणि दाद मागायला कोणी तहसीलदार नसतो.

शेवटी आमच्या व्यवसायाविषयी. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यांत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. दोन जिवांची किंमत तीनशे शब्द कशी? आमच्या मनात त्या संतापाखाली एक शरमही होती. अशा निबंधात काय लिहिलेले असेल, हे आम्हांला न वाचता ठाऊक होते. प्रस्तावना: आजच्या धावपळीच्या युगात अपघात वाढत आहेत. मध्य: अपघातांची विविध कारणे. समारोप: प्रत्येकाने नियम पाळले पाहिजेत. अपघात ‘होतात’, कोणी करीत नाही. असा निर्कर्तृक निबंध लिहायला आम्हीच शिकवले, त्याला आम्हीच गुण दिले. निबंध ही शिक्षा हास्यास्पद ठरली, कारण ज्यात लिहिणाऱ्याला ‘मी’ म्हणावेच लागत नाही असा निबंध आम्ही शाळा-महाविद्यालयांत रूढ केला आहे.

म्हणून आम्ही ठरवले आहे, की घोषवाक्यांचे परीक्षण यापुढे करणार नाही. त्याऐवजी विद्यार्थ्यांना दोन कामे देऊ. एक: वर्तमानपत्रातली अपघाताची बातमी घ्यावी आणि चालकाला कर्ता करून ती पुन्हा लिहावी. दोन: महाविद्यालयाच्या दारापासून आपल्या घरापर्यंत, निदान बसथांब्यापर्यंत, चालत जावे, पदपथाची रुंदी, सिग्नलचे सेकंद आणि अडथळे मोजून लिहावेत. ही टिपणे आम्ही क्षेत्रीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत देऊ. मागण्या मोठ्या नाहीत: शाळा, महाविद्यालये, रुग्णालये आणि बाजार यांच्या परिसरात ताशी ३०ची मर्यादा आणि ती पाळायला लावणारे रस्ते, जिथे माणसे ओलांडतात तिथेच, जमिनीवरूनच ओलांडण्याची सोय, म्हाताऱ्यांच्या चालीने मोजलेला सिग्नल, आणि एकेरी रस्त्यावर सायकलला तिची पट्टी. इतर महाविद्यालयांतल्या मराठीच्या अध्यापकांनीही हे करून पाहावे, अशी आमची विनंती आहे. अभ्यासक्रमात बसत नाही म्हणून ते सोडून देऊ नये. भाषेच्या अभ्यासक्रमात याहून नेमके बसणारे काम आम्हांला तरी सुचत नाही.

मामा पाच महिन्यांनी कामावर आले. आता ते काठी घेऊन चालतात आणि बसने येतात. सायकल त्यांनी विकून टाकली. ज्या ठिकाणी त्यांना मोटारीने उडवले, तिथे दुभाजकावर जाळी बसली आहे. त्यांची बस रस्त्याच्या पलीकडे थांबते. म्हणून रोज संध्याकाळी ते काठी टेकत पुढच्या चौकापर्यंत जातात, ओलांडतात आणि पलीकडून तेवढेच अंतर परत येतात. मोटारींच्या वेगावर मात्र त्या रस्त्याला आजही काही बंधन नाही.